अनुभवी सिस्टर पुन्हा वर्गात

दहा-पंधरा वर्षं वॉर्ड सांभाळलेली परिचारिका पुन्हा पुस्तकं घेऊन बसली, की घरचेच विचारतात, "आता काय राहिलंय शिकायचं?"

आपल्याकडच्या बऱ्याच परिचारिका बारावीनंतर 'जीएनएम' ही पदविका घेऊन नोकरीला लागतात. त्यानंतर पदवी हवी असेल, तर 'पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग' हा दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम असतो. नोकरी न सोडता शिकता यावं म्हणून इग्नूने तीन वर्षांचा अभ्यासक्रम आखला.

या वर्गात येणाऱ्यांचे हात सरावलेले असतात. जड जातं ते लिहिणं. सलाइन लावताना न चुकणारी सिस्टर इंग्रजीतून दहा गुणांचं उत्तर लिहिताना अडखळते. कालपर्यंत जिच्या शब्दावर वॉर्ड चालायचा, ती प्रात्यक्षिकाला विद्यार्थिनी म्हणून उभी राहते. त्यात रात्रपाळी आणि मुलांच्या परीक्षा असतातच.

मग एवढा खटाटोप कशासाठी? बाळंतपणाचंच उदाहरण घेऊ. कळा सुरू झाल्यावर गर्भाशयाचं तोंड किती उघडलं, याची नोंद तक्त्यावर करतात. चार सेंटिमीटरनंतर तासाला एक सेंटिमीटर, असा हिशेब पूर्वी शिकवला जाई. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये तो बदलला. प्रसूतीचा सक्रिय टप्पा पाच सेंटिमीटरपासून धरावा आणि आई व बाळ ठीक असतील, तर केवळ वेग कमी आहे म्हणून घाई करू नये, असं तिने सांगितलं. जुनी पदविका घेतलेल्या सिस्टरला हे नव्याने शिकावंच लागतं.

मुळशी धरणाच्या काठच्या गावांत या फरकाला फार मोल आहे. तिथून पौडचं ग्रामीण रुग्णालय आणि गरज पडली तर पुढे पुणं गाठायचं, तेही आषाढातल्या पावसात, वळणावळणाच्या रस्त्याने. बाईला उगाच हलवलं तर तिचे हाल; उशीर झाला तर जिवावर बेततं. धोका पहिल्यांदा ओळखायचा असतो तो जवळ असलेल्या सिस्टरनेच.

याच तालुक्यात लवळ्याला आज सिंबायोसिस विद्यापीठ आणि त्याचं रुग्णालय उभं आहे. पण विद्यापीठ जवळ आलं म्हणून रजा मिळतेच असं नाही. एक सिस्टर शिकायला गेली, तर तिची पाळी कोण करणार, हा प्रश्न उरतोच. म्हणून शिक्षणरजेसोबत बदली परिचारिकेचीही सोय व्हायला हवी. तशी मागणी ग्रामसभेतूनही करता येईल.