अंग हलकें झालें, पण कातडीचें काय?

घरांतील एखादें माणूस चाळीस-पन्नास किलो वजन उतरवितें, तेव्हां त्याचें कौतुक करण्यास सारें घर पुढें सरसावतें. जुने कपडे शिंप्याकडे जातात आणि लग्नकार्यांत ओळखीचे लोक "केवढे उतरलांत हो!" म्हणून थबकतात. हें कौतुक योग्यच आहे. परंतु त्याच्या आड एक दुःख पुष्कळदां झांकून राहतें. आणि तें शरीराच्या अशा जागीं असतें कीं, सांगावें कोणास व कसें, हेंच त्या माणसास उमगत नाहीं. त्याविषयीं आज चार शब्द मोकळेपणानें लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमच्या परिचयांतील एका मोठ्या कुटुंबांतील थोरल्या सूनबाईंचीच हकीकत घ्या. त्यांचें वजन ११८ किलो होतें. गुडघे धरलेले, रक्तांत साखर वाढलेली. जठराची शस्त्रक्रिया करून घेतल्यावर दीड वर्षांत त्या ७० किलोंवर आल्या. परंतु पुढच्या श्रावणांत त्या मंगळागौरीस गेल्या नाहींत. गणपतींत स्वयंपाकघरांतही फारशा उभ्या राहीनात. सासूबाईंस वाटलें, सडपातळ झाल्या आणि दिमाख आला! खरी गोष्ट निराळीच होती. ओटीपोटावर लोंबणाऱ्या कातडीखालीं व स्तनांखालीं त्यांस लाल चट्टे उठले होते. चालतांना आग होई, रात्रीं खाज सुटे, आणि अंगास वास येत असेल या धास्तीनें त्या चारचौघींत बसणें टाळीत. धाकट्या जावेनें परकरावरील डाग पाहून आपुलकीनें विचारलें, तेव्हां कोठें त्यांच्या तोंडून शब्द फुटला.

असें कां होतें, हें आधीं समजून घेतलें पाहिजे. वर्षानुवर्षें ताणलेल्या कातडीचे लवचीक तंतू पुष्कळसे निकामी झालेले असतात. आंतील मेद झडला तरी ती पूर्ववत् आंखडत नाहीं; ओटीपोट, स्तन, काख, दंड व मांड्या यांच्या ठिकाणीं तिच्या वळ्या पडतात. वळीच्या आंत कातडीवर कातडी घासते, घाम सांचतो, ऊब राहते आणि वारा लागत नाहीं. फार वेळ धुणें धुतल्यावर बोटें जशी पांढरट व मऊ पडतात, तशीच ही कातडी भिजून हळवी होते व घर्षणानें सोलवटते. मग कँडिडा नांवाची बुरशी तेथें फोफावते. ही बुरशी निरोगी माणसाच्या शरीरावरही असतेच. तिला येथें केवळ सोयीची जागा मिळते. म्हणून हा विकार अस्वच्छतेचा आहे, ही समजूत प्रथम सोडून द्यावी. दिवसांतून दोनदां स्नान करणाऱ्या माणसासही तो होतो.

उपचारांतील पहिली गोष्ट म्हणजे कोरडेपणा. स्नानाच्या वेळीं वळी हलकेंच उचलून कोमट पाण्यानें व सौम्य साबणानें धुवावी. घासणी किंवा उटणें लावूं नये. नंतर मऊ पंचानें टिपून घ्यावें, पुसूं नये. पांच-दहा मिनिटें पंख्याचा वारा लागूं द्यावा, किंवा केस वाळविण्याचें यंत्र थंड वाऱ्यावर ठेवून वापरावें. पुष्कळ माणसांच्या घरांत एकच न्हाणीघर असतें व बाहेर कोणी ना कोणी खोळंबलेलें असतें, हें आम्ही जाणतों. पण हीं दहा मिनिटें हेंच येथें अर्धें औषध आहे. कातडी पूर्ण वाळल्यावर जस्ताच्या मलमाचा किंवा पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा, म्हणजे घर्षण कमी होतें. वळीमध्यें धुतलेल्या जुन्या मलमलीची घडी ठेवावी आणि ती दमट होतांच बदलावी. ओली घडी तशीच राहिली तर लाभाऐवजीं हानीच होते. घामानें भिजून गोळा होणाऱ्या भुकट्या दाबून भरूं नयेत. चिघळलेल्या जागीं लिंबू, हळद किंवा दाहक जंतुनाशक द्राव लावण्याचा मोह टाळावा.

वस्त्रांविषयींही विचार झाला पाहिजे. कित्येक घरांतून सणावारीं अजून ओल्या सोवळ्यानें स्वयंपाक होतो. ज्यांस हा त्रास आहे, त्यांनीं वाळलेलें सोवळें नेसावें. शुचित्व त्यानें उणें होत नाहीं. नऊवारीचा काष्टा जांघेंत काचत असेल, तर जखम भरेपर्यंत सैल वस्त्र वापरावें. कोंकणांत व मुंबईस पावसाळ्यांत दोरीवरचे कपडे दमटच राहतात. ते इस्त्री करूनच घालावे. परकराची नाडी त्याच त्या जागीं आवळूं नये. रुंद पट्टी लावावी. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयांतील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं धोतर सतत कमरेस घट्ट आवळल्यानें उद्भवणाऱ्या कर्करोगाचें वर्णन १९४५ सालींच केलें होतें. असा रोग फार विरळा, घाबरून जाण्याचें कारण नाहीं. पण कमरेच्या काचाकडे दुर्लक्ष करूं नये, एवढा बोध त्यांतून अवश्य घ्यावा.

आतां एक गोष्ट आम्हांस आग्रहानें सांगावयाची आहे. आमच्या सूनबाईंनीं कोणाच्या सांगण्यावरून दुकानांतून एक मलम परस्पर आणविलें होतें. तीन दिवसांत लाली ओसरली, आग थांबली; त्यांस वाटलें, रामबाण सांपडला. महिन्याभरांत चट्टे दुप्पट पसरले आणि कातडी कागदासारखी पातळ झाली. त्या मलमांत बुरशीच्या औषधाबरोबर जोरकस स्टेरॉइड मिसळलेलें होतें. स्टेरॉइडनें लाली दबते, पण कातडीची प्रतिकारशक्तीही दबते, आणि बुरशीस मोकळें रान मिळतें. आपल्या देशांत अशा मिश्र मलमांच्या दुरुपयोगामुळें गजकर्णाचे हट्टी प्रकार बळावले आहेत, असें त्वचारोगतज्ज्ञ वारंवार बजावीत आले आहेत. कँडिडासाठीं क्लोट्रिमॅझोलसारखें एकेरी औषध सामान्यतः दोन ते चार आठवडे लावावें लागतें, आणि लाली गेल्यावरही सांगितलेली मुदत पुरी करावी लागते. तथापि प्रत्येक चट्टा बुरशीचाच असतो असें नाहीं. भोंवतीं बारीक पुटकुळ्या असलेला लालभडक चट्टा बहुधा कँडिडाचा. तपकिरी, सपाट डाग एका जंतूचाही असूं शकतो, व विशिष्ट दिव्याखालीं तो पोंवळ्यासारखा चमकतो. ही पारख वैद्यकाची आहे, शेजारणीची नव्हे.

त्रास पुनःपुन्हां होत असल्यास रक्तांतील साखर तपासून घ्यावी. ती वाढलेली असली म्हणजे बुरशीस खाद्यच मिळतें. जठराच्या शस्त्रक्रियेनंतर अन्न थोडें जातें व पोषक द्रव्यें कमी शोषलीं जातात. प्रथिनें, लोह, जस्त किंवा ब१२ जीवनसत्त्व उणें पडल्यास जखम भरण्यास वेळ लागतो. म्हणून ठरलेल्या तपासण्या टाळूं नयेत, आणि उपासतापासांचा निर्णय डॉक्टरांस विचारून करावा. ताप येणें, लाली झपाट्यानें पसरणें, जागा गरम व ठणकती होणें किंवा पू येणें, यांपैकीं कांहींही दिसल्यास त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा.

इतकें करूनही वळी वारंवार चिघळत असेल, तर जास्त झालेली कातडी शस्त्रक्रियेनें काढतां येते. वजन कांहीं महिने स्थिर राहिल्यावरच, म्हणजे बहुधा पहिल्या शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दीड वर्षानें, तिचा विचार करितात. व्रण लांब राहतो, जखम सावकाश भरण्याचा संभव असतो आणि खर्चही लहान नसतो. विमा कंपनी ही सौंदर्याची हौस समजून खर्च नाकारण्याचा संभव असतो. यास्तव प्रत्येक वेळच्या चट्ट्यांची नोंद व डॉक्टरांच्या चिठ्ठ्या जपून ठेवाव्या, आणि विमा कंपनीचें म्हणणें आधींच लेखी मागवावें.

आमच्या सूनबाईंस मात्र शस्त्रक्रियेपर्यंत जावें लागलें नाहीं. योग्य औषध, कोरडीं वस्त्रें व सकाळचीं तीं दहा मिनिटें एवढ्यावर त्यांचें काम भागलें. यंदा मंगळागौरीस त्या फुगडी खेळल्या नाहींत, पण रात्रभर जागल्या. न्हाणीघराच्या दारांत कोणी खोळंबलें असतां आतां सासूबाईच सांगतात, "थांबा हो, तिचें व्हायचें आहे अजून!" घरांत वजन उतरविलेलें माणूस असेल, तर त्याचें कौतुक झाल्यावर त्यास एकांतीं इतकेंच विचारावें कीं, "बाकी सारें बरें आहे ना?" पुष्कळांस हा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो.