सदाफुली आणि पेशीचा सांगाडा

पेरूसाठी ओळखल्या जाणाऱ्या राहात्यात दारापुढे सदाफुलीही दिसते. तिची पाने चावली की साखर उतरते, कॅन्सरही बरा होतो, असे छातीठोक सांगणारे कुणी ना कुणी भेटतेच. पाने चावू नका, ती विषारी आहेत. मात्र या समजुतीमागची खरी गोष्ट विलक्षण आहे.

1950 च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी मधुमेहासाठीच सदाफुलीचा अर्क तपासला. उंदरांची साखर उतरली नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या. त्यातून हाती आले विनब्लास्टिन हे कॅन्सरवरचे औषध. शेकडो किलो वाळलेल्या पानांतून ते जेमतेम ग्रॅमभर निघते आणि शिरेतून, काटेकोर मोजून देतात.

ते पेशीत नेमके करते काय? शाळेत कांद्याचा पापुद्रा पाहिल्यापासून पेशी म्हणजे पातळ रसाची पिशवी, असे आपल्या मनात बसलेले असते. प्रत्यक्षात आत धाग्यांचे दाट जाळे आहे. अ‍ॅक्टिन या प्रथिनाच्या धाग्यांच्या जोरावर पांढरी पेशी आकार बदलत जंतूंमागे सरकते. ट्युब्युलिन या प्रथिनाच्या सूक्ष्मनलिका तर 25 नॅनोमीटर जाडीच्या. केसाच्या रुंदीत दोन-तीन हजार शेजारीशेजारी मावतील.

या जाळ्याला सांगाडा म्हणतात, म्हणून ते हाडासारखे पक्के वाटते. तसे ते नाही. नलिका वाढता वाढता एकाएकी कोसळते, पुन्हा वाढू लागते. टिम मिचिसन आणि मार्क किर्शनर यांनी हे 1984 मध्ये दाखवले. पेशी दुभंगताना याच नलिका गुणसूत्रे दोन टोकांना नेतात. विनब्लास्टिन ट्युब्युलिनला चिकटते, नलिकांची जुळणी बिघडते आणि विभाजन अडते.

नलिका म्हणजे रूळही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मलिक आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या यकृतपेशी तपासल्या. खाल्ल्यानंतर किनेसिन हे प्रथिन चरबीचे थेंब या रुळांवरून पेशीच्या कडेला ओढून नेते आणि तिथून चरबी रक्तात जाते. उपाशीपोटी थेंबांवरचे किनेसिन घटते आणि रक्तात जाणारी चरबी आटोक्यात राहते. मलिक यांना 2018 चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

कमरेपासून पावलापर्यंत जाणाऱ्या मज्जातंतूत तर ही वाहतूक जवळजवळ मीटरभर चालते. सदाफुलीतूनच मिळणारे विनक्रिस्टिन हे औषध घेताना हातापायांना मुंग्या येतात, बोटे बधिर होतात, ते या रुळांनाच धक्का बसतो म्हणून. असे झाले तर पुढच्या डोसाची वाट न पाहता डॉक्टरांना सांगावे.