वाळलेल्या झाडांची साक्ष

गिरगावातून सीएसएमटीकडे जाताना धोबी तलावाचा चौक ओलांडला की महापालिका मार्गावर सेंट झेवियर्स कॉलेजची दगडी इमारत लागते. मुंबईकरांना ती अ‍ॅडमिशन, परीक्षा आणि ‘मल्हार’ महोत्सव यांमुळे ठाऊक असते. तिच्याच आत ब्लाटर हर्बेरियम आहे, म्हणजे कागदावर चिकटवलेल्या, बहुतांशी तपकिरी पडलेल्या सुमारे दोन लाख वाळक्या वनस्पतींचा संग्रह. एथेलबर्ट ब्लाटर या स्विस जेझुइट पाद्र्याने 1906 मध्ये त्याचा पाया घातला आणि आज तो मुंबई विद्यापीठाची मान्यता असलेलं संशोधन केंद्र आहे. मुंबईच्या, कोकणाच्या किंवा घाटाच्या एखाद्या वनस्पतीबद्दल ठामपणे काही बोलायचं असेल, तर कधी ना कधी या कपाटांपर्यंत यावंच लागतं. निसर्गाचं संवर्धन म्हटलं की मात्र आपल्यासमोर उभी राहतात ती रोपं, खड्डे, पाण्याच्या झाऱ्या आणि फोटो काढून घेणारे पाहुणे. हे सगळं नंतरचं आहे. कुठली वनस्पती, कुठे, केव्हापासून आणि किती उरली आहे, हे सिद्ध करता आलं नाही तर तिला वाचवण्याची भाषाच पोकळ ठरते. आणि ते सिद्ध करण्याची सोय अशा कपाटांतच असते.

हर्बेरियममधला एक कागद म्हणजे नेमकं काय, ते आधी पाहू. फुलावर किंवा फळावर असलेली फांदी, झाड छोटं असेल तर मुळासकट, वर्तमानपत्राच्या घडीत दाबून ठेवतात. सुरुवातीला रोज कागद बदलावे लागतात, नाहीतर बुरशी धरते. मुंबईच्या पावसाळ्यात तर हे काम चिकाटीचा अंत पाहणारं. पूर्ण वाळल्यावर कीड लागू नये म्हणून भारतात पूर्वापार मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणात बुचकळण्याची पद्धत आहे. मग साधारण 42 बाय 28 सेंटिमीटरच्या जाड कागदावर ती चिकटवतात, दणकट देठ दोऱ्याने टाचतात आणि उजव्या कोपऱ्यात खाली चिठ्ठी लावतात. खरी किंमत या चिठ्ठीत आहे. शास्त्रीय नाव, जागा, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव आणि त्याचा क्रमांक, झाडाची उंची, जमीन कशी होती, फुलाचा रंग कोणता होता. रंग आवर्जून लिहायचा, कारण वाळल्यावर तो जातो. चिठ्ठी हरवली तर उरतो तो पालापाचोळा. शेतकऱ्याला सातबारा जसा, तशी वनस्पतीला ही चिठ्ठी: जमीन कुणाची यावर वाद झाला की माणूस उतारा काढतो, आणि अमुक झाड इथे होतं की नव्हतं यावर वाद झाला की हा कागद काढावा लागतो.

यातलं बोलकं उदाहरण मुंबईच्याच उपनगराचं आहे. सफेद मुसळी आज काष्ठौषधींच्या कुठल्याही दुकानात मिळते आणि शक्तिवर्धक म्हणून तिची जाहिरात होते. या नावाखाली प्रामुख्याने ज्या वनस्पतीची लागवड होते, तिचं शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिव्हिलिएनम. हे ‘बोरिव्हिलि’ म्हणजे आपली बोरिवली. झेवियर्सचेच स्पॅनिश जेझुइट वनस्पतिशास्त्रज्ञ हर्मेनेगिल्ड सांतापाव आणि त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनी 1955 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ही स्वतंत्र जात म्हणून जगापुढे मांडली. पहिल्या पावसानंतर जमिनीलगत पानांचा झुबका येतो, पांढरी नाजूक फुलं येतात आणि हिवाळा लागेपर्यंत वरचा भाग वाळून नाहीसा होतो. उरतो तो जमिनीखालचा मुळांचा घोस. दुकानात येतात ती सोललेली, वाळवलेली मुळं. तिच्या गोतातल्या इतर जातीही मुसळी म्हणूनच विकल्या जातात आणि मूळ एकदा सोलून पांढरंफटक झालं की कोणती मुसळी कोणती, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखणं जवळजवळ अशक्य. मागणी वाढली तशी रानातली मुसळी बेसुमार खणली गेली. आता समजा, सरकारने ठरवलं की या जातीचं रानातलं खणणं थांबवायचं. थांबवायचं म्हणजे नेमकं कशाचं? व्यापारी म्हणेल, हे ते नव्हेच. तिथे नावापुढे पुरावा लागतो, आणि तो शेवटी ज्या नमुन्यावरून जात प्रथम वर्णिली गेली त्या नमुन्यापर्यंत जातो. वनस्पतिशास्त्रात त्याला ‘टाइप’ म्हणतात. नावाचा अर्थ कोशात बघून ठरत नाही, या कागदाशी ताडून ठरतो.

संग्रहाचं दुसरं सामर्थ्य काळाशी निगडित आहे. सह्याद्रीतली कारवी मुंबई परिसरात दर आठ वर्षांनी फुलते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती 2016 मध्ये फुलली आणि मग 2024 मध्ये. एका माणसाच्या उमेदीच्या काळात असे चार-पाच बहर पदरात पडतात. वेगवेगळ्या डोंगरांवरच्या कारवीचं वर्ष एकच असतं की वेगळं, मधेच एखादं झुडूप चुकून फुलतं का, हे एका पिढीच्या आठवणीवर सांगता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या तारखा टाकून ठेवलेले कागद लागतात. सांतापाव यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींवर 1953 मध्ये अख्खा ग्रंथ लिहिला आणि कारवीच्या सामुदायिक बहरावरही लिहिलं, ते अशाच नोंदींच्या आधारावर. अमेरिकेत बोस्टनच्या अर्नोल्ड आर्बोरेटममधले जुने नमुने तपासून 2004 मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं, की 1980 ते 2002 या काळात तिथली झाडं विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांपेक्षा सरासरी आठ दिवस आधी फुलत होती. इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या संग्रहातल्या पानांवरची सूक्ष्म रंध्रं मोजली, तेव्हा गेल्या दोनशे वर्षांत त्यांची दाटी सुमारे 40 टक्क्यांनी घटल्याचं 1987 मध्ये पुढे आलं. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढल्याची ती पानांनी दिलेली साक्ष होती. पक्ष्यांच्या बाबतीतही हेच घडलं. हौशी इंग्रजांनी जमवलेली शिकारी पक्ष्यांची जुनी अंडी 1967 मध्ये तपासली गेली, आणि 1947 च्या सुमारापासून त्यांची कवचं एकाएकी पातळ झाल्याचं दिसलं. डीडीटी या कीटकनाशकाविरुद्धच्या पुराव्यात या अंड्यांचा मोठा वाटा आहे. त्यातली जुनी अंडी जमवणाऱ्यांना डीडीटी हे नावही ठाऊक नव्हतं. भविष्यात कोणता प्रश्न विचारला जाईल हे संग्रह करणाऱ्याला माहीत नसतं, म्हणूनच ‘याचा आज उपयोग काय’ ही कसोटी संग्रहाला लावणं चूक आहे.

यावर आजचा माणूस साहजिकच विचारेल, की हातात मोबाईल असताना हा वाळवणाचा उद्योग कशाला? फोटो काढा, जागा आपोआप नोंदली जाते, झाडही जिवंत राहतं. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि हौशी लोकांच्या फोटोंनी वनस्पतींच्या नोंदी झपाट्याने वाढवल्या हे नाकारण्यात अर्थ नाही. पण फोटो फक्त तेवढंच दाखवतो जेवढं काढणाऱ्याला महत्त्वाचं वाटलं. गवतांच्या कितीतरी जाती कणसातल्या तुसाच्या बारकाव्यावरून वेगळ्या होतात. ब्लाटर आणि मॅककॅन यांचं मुंबई इलाख्यातल्या गवतांवरचं 1935 चं पुस्तक अशा बारकाव्यांनीच भरलेलं आहे. फोटोतून बी सोलून बघता येत नाही, परागकण काढता येत नाहीत, डीएनए तर नाहीच. एकोणिसाव्या शतकात आयर्लंडमध्ये बटाट्याचा दुष्काळ पाडणाऱ्या करप्याचा नेमका वाण 2013 मध्ये ओळखला गेला, तो हर्बेरियममध्ये जपलेल्या रोगट पानांच्या डीएनएवरून. बर्लिनची गोष्ट तर दोन्ही बाजूंना शिकवणारी आहे. 1929 पासून मॅकब्राइड या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने युरोपातल्या संग्रहांतले टाइप नमुने फोटो काढून टिपायला सुरुवात केली, त्यात बर्लिनचा वाटा मोठा. मार्च 1943 मध्ये बॉम्बहल्ल्यात बर्लिनच्या हर्बेरियमचा बहुतांश भाग जळाला, आणि कित्येक जातींच्या बाबतीत ते फोटो तेवढे मागे राहिले. ते नसते तर काहीच नसतं, हे खरं. पण त्या फोटोंपुढे बसून अभ्यासकांना फुलाच्या आत डोकावता येत नाही, हेही तितकंच खरं. म्हणून संग्रहाचं डिजिटायझेशन जरूर व्हावं, लवकर व्हावं. मात्र ‘स्कॅन झालं, आता जागा मोकळी करा’ असं कुणी म्हणू लागलं की सावध व्हावं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने आपलं सव्वाआठ लाख नमुन्यांचं हर्बेरियम बंद करण्याचा निर्णय 2024 मध्ये जाहीर केला, तेव्हा जगभरच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी निषेध केला तो याच भीतीपोटी. चौरस फुटाला मुंबईत जो भाव आहे, तो पाहता ही भीती आपल्याला समजायला जड जाऊ नये.

दुर्मीळ झाड उपटून कागदावर चिकटवणं हे संवर्धन कसलं, असाही आक्षेप येतो. चार रोपं उरलेल्या ठिकाणी नमुना घेऊच नये, हा नियम आज अभ्यासक पाळतात आणि तो पाळलाच पाहिजे. पण रस्ता रुंदीकरणात, खाणीत आणि वणव्यात जे जातं, त्याच्या तुलनेत अभ्यासकाच्या पिशवीत जाणारी फांदी नगण्य आहे.

हा सगळा साहेबांचा आणि पाद्र्यांचा खटाटोप, असं म्हणून हात झटकणारेही असतात. ब्लाटर स्वित्झर्लंडचे, सांतापाव स्पेनचे, हे खरंच. पण बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी 1883 मध्ये भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात सुरू झाली, तेव्हाच्या आठ संस्थापकांत दोन मराठी डॉक्टर होते: प्रार्थना समाजाचे आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. डॉक्टर रखमाबाईंचे सावत्र वडील म्हणून आपण सखाराम अर्जुनांना ओळखतो. ते वनस्पतींचे जाणकार होते आणि मुंबईत मिळणाऱ्या औषधींची सूची त्यांनी 1879 मध्ये केली होती, हे सहसा कुणी सांगत नाही. सोनघंटा या अतिदुर्मीळ झुडपाचं शास्त्रीय नाव अ‍ॅब्युटिलॉन रानडेई आहे, ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सच्या हर्बेरियममधल्या रानड्यांवरून. पुढे मार्सेलिन आल्मेडा यांनी ‘फ्लोरा ऑफ महाराष्ट्र’ 1996 पासून खंडाखंडाने प्रसिद्ध केला, तोही धोबी तलावाच्या याच संग्रहाला टेकून. परंपरा परकी होती म्हणण्यापेक्षा, तिच्यातले आपले लोक आपणच विसरलो, असं म्हणणं अधिक प्रामाणिक होईल.

सगळ्यांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे: जंगल तुटतंय, खाडी बुजतेय आणि तुम्ही कपाटं काय सांभाळता? पैसा मर्यादित असेल तर तो आधी जमिनीवर खर्च व्हावा. यातली कळकळ योग्य आहे, पण जमिनीवरची लढाई लढायला काय लागतं ते बघा. मुंबईच्या तिवरांचंच घ्या. ब्लाटर यांनी 1905 मध्येच मुंबई इलाख्यातल्या खारफुटीवर सविस्तर लेख लिहिला होता, त्या काळी जेव्हा खाजण म्हणजे भर घालायची जागा असाच समज होता. उच्च न्यायालयाने तिवरांच्या तोडीवर बंदी घातली ती 2005 मध्ये, राज्याचा कांदळवन कक्ष स्थापन झाला 2012 मध्ये आणि पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवन वृक्षाचा मान मिळाला 2020 मध्ये. शंभर वर्षांचं अंतर आहे. खारफुटीचं जंगल निदान उपग्रहातून दिसतं. डोंगराच्या सड्यावर दोन महिने उगवून जाणारी बोटभर वनस्पती उपग्रहाला दिसत नाही. प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालात वनस्पतींची यादी जोडलेली असते. तिच्यातलं एखादं नाव चुकलं किंवा गाळलं गेलं, तर ते दाखवून देण्याचा आधार काय? जिथून अमुक साली, अमुक तारखेला ती वनस्पती गोळा झाली होती, तिथला नमुना. वनस्पतीला धोक्यातली ठरवतानाही तिचा पसारा किती आक्रसला, ते जुन्या नमुन्यांच्या जागा नकाशावर मांडूनच बघितलं जातं. तेव्हा कपाट की जंगल, ही निवड मुळात खोटी आहे.

संग्रहांना खरा धोका कीड आणि दमटपणा यांच्याहून मोठा आहे तो वाचणाऱ्यांच्या कमतरतेचा. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की नव्या म्हणून वर्णिलेल्या वनस्पतींपैकी जेमतेम 16 टक्के गोळा झाल्यापासून पाच वर्षांत ओळखल्या जातात आणि जवळजवळ पाव हिश्श्याला पन्नासहून अधिक वर्षं लागतात. म्हणजे अजून नाव न मिळालेल्या कितीतरी जाती कुठल्या ना कुठल्या हर्बेरियममध्ये आधीच येऊन पडलेल्या आहेत. ओळखणारा माणूस तेवढा यायचा आहे. वर्गीकरणात करिअर नाही, म्हणून हुशार विद्यार्थी जनुकशास्त्राकडे वळतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. पण ही विद्या गुरूच्या शेजारी बसून, हजारो कागद हाताळूनच येते. एक पिढी तुटली की पुढचीला शिकवणारं कुणी उरत नाही. त्यामुळे हर्बेरियमला मदत म्हणजे वातानुकूलन यंत्र आणि स्कॅनर एवढीच नको, पगारी माणसं हवीत.

आणि काम घराजवळ पडलेलं आहे. श्रावण-भाद्रपदात दादरच्या फूलबाजारात तेरडा, गौरीचे हात म्हणून विकली जाणारी कळलावी, पत्रीच्या जुड्या, आणि त्याआधी पहिल्या पावसात भाजीवाल्यांकडे शेवळं आणि ती खाजू नयेत म्हणून बरोबर घालायची काकडं, असं सह्याद्रीच्या पायथ्याचं अर्धं रान येऊन पडतं. यातलं शेवळं पश्चिम घाटाच्या पट्ट्याबाहेर फारसं आढळत नाही, आणि कळलावीला औषधउद्योगातही मागणी आहे. कुठल्या तालुक्यातून काय येतं, कधी येतं, दहा वर्षांत काय येईनासं झालं, हे रुईया, कीर्ती किंवा विल्सनच्या वनस्पतिशास्त्राच्या मुलांना सहज टिपता येईल. आज परीक्षेसाठी म्हणून ती बागेतली सदाफुली आणि तगर चिकटवून देतात आणि निकालानंतर ते कागद रद्दीत जातात. त्याऐवजी बाजारातली एकेक फांदी, नीट दाबून, तारखेसह धोबी तलावाला पोचली, तर खर्च डिंकाचा आणि जुन्या पेपरांचा. मात्र चिठ्ठीवर विकणाऱ्या बाईला विचारून तिच्या गावाचं नाव लिहावं लागेल. नुसतं ‘दादर मार्केट’ लिहून भागणार नाही.