बाजारचा वार आणि तोराचे वाचन

धर्मग्रंथ कोणाच्या हाती असावा, या प्रश्नाला बहुतेक समाजांनी ‘जाणत्यांच्या’ असेच उत्तर दिले. यहुदी समाजाने निदान वाचनापुरते निराळे उत्तर दिले आणि त्यासाठी चक्क वेळापत्रक आखले. मोशेचे पाच ग्रंथ, म्हणजेच तोरा, ५४ पाठांत विभागून दर शनिवारी सकाळी सभेत मोठ्याने वाचावयाचे व वर्षभरात पूर्ण करावयाचे, हा बाबिलोनकडील क्रम पुढे जवळजवळ सर्वत्र रूढ झाला. त्यांचे महिने चांद्र आणि १९ वर्षांत ७ अधिक मास. म्हणून साध्या वर्षी शनिवार कमी पडतात व काही पाठ जोडीने उरकावे लागतात.

परंतु या व्यवस्थेचे मर्म शनिवारपेक्षा सोमवार आणि गुरुवारच्या वाचनात अधिक आहे. वाळवंटात तीन दिवस पाण्यावाचून काढणे जसे अशक्य, तसेच शास्त्रावाचूनही, असे याचे पारंपरिक स्पष्टीकरण आहे. ते सुंदर आहे. पण तालमूदमध्येच दुसरीही एक बाब नमूद आहे. हे दोन्ही खेडुतांचे शहरात येण्याचे, म्हणजे बाजाराचे वार होते आणि न्यायसभाही त्याच दिवशी बसत. शेतकरी माल घेऊन येई, तंटा मिटवी आणि त्याच फेरीत शास्त्र ऐकून परते. त्याच्या दृष्टीने श्रवणाला वेगळा खर्चच नव्हता! हा प्रघात एज्राच्या नावावर सांगितला जातो. त्याने वेशीसमोरच्या चौकात स्त्री-पुरुषांच्या समुदायापुढे पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचल्याचे नहेम्याच्या ग्रंथात आलेलेच आहे.

लोकांची बोली अरामी झाल्यावर प्रत्येक वचनामागून दुभाषी त्याचा अर्थ सांगू लागला, तोही तोंडी. भाषांतरालाच कोणी मूळ समजू नये, ही त्यातील दक्षता. मूळ गुंडाळी चर्मपत्रावर हाताने लिहिलेली असते, तीत स्वरचिन्हे नसतात. ती वाचकाने स्मरणातून पुरवावयाची असतात आणि अर्थ पालटेल अशी चूक झाली, तर श्रोते त्याला तेथल्या तेथे थांबवून शब्द पुन्हा म्हणावयास लावतात. वाचणाऱ्यावर ऐकणाऱ्यांचा असा अंकुश फार थोड्या परंपरांत आढळेल.

या व्यवस्थेचा एक धागा आपल्या कोकणात येऊन पोहोचतो. तेथील बेने इस्रायल तेलाच्या घाण्यावर जगत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जात. विश्रांतीचा वार त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपला, ग्रंथ मात्र हरवला होता. तो परतला तो टप्प्याटप्प्याने. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत सिनेगॉग बांधले; १८३२ मध्ये जॉन विल्सन या मिशनऱ्याचे हिब्रू व्याकरण मराठीत निघाले (त्याचा हेतू धर्मांतराचा, उपयोग मात्र उलट झाला); १८४६ मध्ये वल्हांडण सणाचा हग्गादा मराठी अर्थासह मुंबईत छापला गेला. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी अनेक प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. एके काळी अरामीने केलेले काम येथे मराठीने केले, असे म्हणण्यास हरकत नाही.

आता प्रश्न ग्रंथाचा नसून माणसांचा आहे. गुंडाळीतून जाहीर वाचन करण्यास परंपरेनुसार दहा प्रौढ पुरुष हवेत. १९४८ च्या सुमारास भारतातील बेने इस्रायल सुमारे २०,००० होते. त्यांतील बहुसंख्य इस्रायलला गेले आणि येथे काही हजारच उरले. जेथे दहा जमत नाहीत, तेथे गुंडाळी कपाटातच राहते. बाहेरून माणसे आणावीत, तर शनिवारी प्रवास वर्ज्य; म्हणजे त्यांनी शुक्रवारीच मुक्कामाला आले पाहिजे. छापील ग्रंथ घरी एकट्याने वाचता येतो, पण तो जाहीर पाठ नव्हे. जी व्यवस्था मुळात माणसे जेथे आपसूक जमतात ते ठिकाण पाहून उभारली गेली, तिच्यासाठी माणसे जमविणे हीच आज सर्वांत महाग बाब ठरावी, हे चमत्कारिक खरे. दहाचा नियम सैल करावा काय? तसे केल्यास वाचन चालू राहील. पण ऐकणाऱ्यांचा अंकुश जाईल आणि ग्रंथ पुन्हा एकट्यादुकट्या जाणत्याच्या हाती राहील.

वल्हांडण सण इस्रायलमध्ये सात दिवसांचा आणि इतरत्र आठ दिवसांचा असतो. आठवा दिवस शनिवारी आला, की तेथे पुढचा साप्ताहिक पाठ वाचला जातो आणि येथे सणाचा. मग एकाच कुटुंबातील मुंबईकर पुढचे काही आठवडे अश्दोदकर भावंडांच्या एक पाठ मागे असतात, आणि जोडपाठाचा शनिवार येईपर्यंत ते अंतर भरून निघत नाही.