कर्करोग-प्रतिबंधक संशोधनात निरोगी व्यक्तींचा सहभाग : एक विवेचन

प्रस्तावना :
कर्करोगाच्या उपचारांचे संशोधन रुग्णांवर होते. प्रतिबंधाचे संशोधन मात्र ज्यांना हा रोग झालेलाच नाही अशा व्यक्तींच्या सहभागाशिवाय होऊ शकत नाही. रुग्णाला नव्या औषधापासून लाभाची आशा असते, निरोगी व्यक्तीस तशी निकड नसते. म्हणूनच तिला संशोधनात कसे सामावून घ्यावे, हा प्रश्न वैद्यकीय आहे तितकाच नैतिकही आहे.

संख्या व जोखीम :
निरोगी समूहात काही वर्षांत कर्करोग होणाऱ्यांचे प्रमाण अल्प असते. त्यामुळे दोन गटांतील फरक स्पष्ट होण्यासाठी हजारो व्यक्तींचा दीर्घकाळ पाठपुरावा करावा लागतो व अधिक जोखीम असलेल्यांची निवड केली जाते. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर असा प्रयोग झाला. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, निरुपद्रवी समजले जाणारे बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी अधिक आढळले. अमेरिका व कॅनडातील १३,३८८ स्त्रियांवरील टॅमॉक्सिफेनच्या चाचणीत (१९९८) स्तनाचा आक्रमक कर्करोग ४९ टक्क्यांनी घटला. परंतु गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचे प्रमाण वाढले. तात्पर्य, निरोगी व्यक्तीही संशोधनात खरी जोखीम पत्करीत असते.

महाराष्ट्रातील अनुभव :
१९९९ मध्ये तत्कालीन उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी अभ्यास सुरू झाला. ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ निरोगी स्त्रियांची ५२ गावसमूहांनुसार चार गटांत यादृच्छिक विभागणी करण्यात आली. तीन गटांना एचपीव्ही चाचणी, पेशी-तपासणी व अॅसिटिक आम्ल लावून केलेली दृश्य तपासणी यांपैकी एकेक उपलब्ध करून देण्यात आली. चौथा नियंत्रित गट प्रचलित सेवेवरच राहिला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एचपीव्ही गटात या कर्करोगाने ३४, तर नियंत्रित गटात ६४ मृत्यू झाले. एका तपासणीचे मोल यातून सिद्ध झाले. परंतु नियंत्रित गटास तपासणीविना ठेवणे न्याय्य होते काय, यावर पुढे वाद झाला. देशात अशी तपासणी प्रचलितच नव्हती, हे समर्थकांचे म्हणणे. तर प्रचलित उणीव हा संशोधनाचा मापदंड ठरू नये, हा टीकाकारांचा आक्षेप.

संमतीचा प्रश्न :
२००९ मध्ये आंध्र प्रदेश व गुजरातमध्ये मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प सुरू झाला व २०१० मध्ये स्थगित करण्यात आला. आंध्रात अनेक संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या आढळल्या. संसदीय समितीने २०१३ मध्ये यावर कठोर टीका केली. शिक्षणसंस्थांनी हे प्रकरण विशेष लक्षात ठेवावयास हवे. कारण विद्यार्थ्यांवरील अधिकार म्हणजे त्यांच्या वतीने संमती देण्याचा अधिकार नव्हे.

निष्कर्ष :
स्वयंसेवक मिळविणे म्हणजे केवळ संख्या पूर्ण करणे नव्हे. संभाव्य लाभ, अपाय व केव्हाही माघार घेण्याचा हक्क यांची माहिती सहभागी व्यक्तीस तिच्या भाषेत मिळाली पाहिजे. नकार देणे जेथे सहज शक्य असते, तेथेच होकाराला अर्थ प्राप्त होतो.