कडक म्हणजे मजबूत नव्हे: ट्रॉलीच्या एका पिनची गोष्ट

मागच्या भागानंतर दोघा-तिघांनी एकच प्रश्न विचारला होता. गाडीत कुठं पोलाद, कुठं बीड, कुठं ॲल्युमिनियम आणि कुठं प्लॅस्टिक, हे ठरवतात कसं? आजचा भाग त्यावरच आहे. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी तो इथे लिहून ठेवतेय. बोलताना अडखळलेली चार वाक्यं नीट केली आहेत, बाकी जसंच्या तसं.

आधी एक कबुली. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करते, पण बीटेक मेकॅनिकलचं आहे. मटेरियल सायन्समध्ये मार्कही चांगले होते. वर्ध्यात वाढले, भूगावच्या पोलाद कारखान्याची धुराडी लहानपणापासून पाहिलेली. तरी जेव्हा खरोखर एक लोखंडाचा तुकडा हातात घेऊन 'चालेल की नाही' सांगायची वेळ आली, तेव्हा मी चुकले.

झालं असं. दिवाळीनंतर मी मामाजींकडे गेले होते, हिंगणघाटकडच्या गावी. कापूस निघाला होता. ट्रॅक्टर आणि ट्रॉली जोडणारी हुकाची पिन हरवली म्हणून मामाजींनी एका वेल्डिंगच्या दुकानातून नवी करून आणली. भंगारातल्या जुन्या एक्सलचा तुकडा कापलेला, भट्टीत लाल करून पाण्यात बुडवलेला. मामाजी कौतुकानं म्हणाले, "पाह्य वं, कानससुद्धा लागत नाही याले! तू इंजिनीअर आहे, सांग बरं, चालन का?"

मी कानस फिरवून पाहिली. खरंच घसरत होती. म्हटलं, "मामाजी, लय कडक आहे. चालेल ना!"

दोन दिवसांनी कापूस भरून ट्रॉली निघाली. नाल्याच्या रपट्यावर एक गचका बसला आणि पुढच्या चढावर पिन कट्कन तुटली. ट्रॉली मागे घरंगळली. मागून मोटारसायकलवर माझा मामेभाऊ येत होता. त्यानं गाडी सोडून बाजूला उडी मारली म्हणून वाचला. मनगट मोडलं, मोटारसायकल ट्रॉलीखाली गेली. संध्याकाळी मी त्या पिनचे दोन तुकडे जुळवून पाहिले तर पिन जराही वाकलेली नव्हती. तोंडावर साखरेसारखे चमचमणारे दाणे होते. ते बघितल्यावर सेमिस्टरच्या पुस्तकातलं चित्र आठवलं. दोन दिवस उशिरा.

मजबूत म्हणजे नेमकं काय?

आमच्या कामात कुणी म्हटलं की "सिस्टीम फास्ट पाहिजे", तर आम्ही लगेच विचारतो, कशात फास्ट? एका माणसाला उत्तर लवकर द्यायचंय की एका वेळी हजार माणसं सांभाळायचीत? 'मजबूत' हा शब्द असाच फसवा आहे. त्यात निदान चार वेगळे गुण लपलेले आहेत.

पहिला, ताठपणा: ओझं दिलं की वस्तू किती वाकते. दुसरा, ताकद: किती ओझ्याला ती कायमची वाकते किंवा तुटते. तिसरा, कडकपणा: पृष्ठभागावर ओरखडा किती सहज उठतो. कानस लावून मी मोजला तो फक्त हा. आणि चौथा, चिवटपणा: तुटण्याआधी ती किती धक्का पचवते. पिनला रपट्यावर हवा होता तो चौथा गुण, आणि मी प्रमाणपत्र दिलं तिसऱ्याचं.

गंमत म्हणजे हे गुण अनेकदा एकमेकांच्या विरुद्ध जातात. विळ्याला, कुऱ्हाडीला लोहार पाणी पाजतो ते आपण पाहिलेलं असतं. कार्बन असलेलं पोलाद लालभडक करून एकदम थंड केलं की आतला कार्बन बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो लोखंडाच्या अणूंमध्ये कोंबलेला राहतो आणि पोलाद कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही. कधी कधी थंड होतानाच डोळ्याला न दिसणारी तडा जाते. म्हणून जाणता लोहार तिथंच थांबत नाही. तो वस्तू पुन्हा थोडी तापवतो. घासलेल्या पोलादावर साधारण २२० ते २३० अंशांना गवती पिवळा रंग येतो, ३०० च्या आसपास निळा. कोणत्या रंगाला थांबायचं यावर कडकपणा किती सोडायचा आणि चिवटपणा किती मिळवायचा हे ठरतं. पुस्तकात याला टेंपरिंग म्हणतात. गावातल्या म्हाताऱ्या लोहारबाबांनी तुकडे हातात घेतले आणि एवढंच म्हणाले, "पाणी लय चढलं, बाई. उतरवाले पाह्यजे होतं."

कारमध्ये तेच, फक्त मोजूनमापून

आता हीच गोष्ट कारच्या कारखान्यात नेऊ. २०२३ मध्ये आपल्याकडे भारत एनकॅप सुरू झालं. त्यात गाडी ताशी ६४ किलोमीटरच्या वेगानं समोरून अडथळ्यावर आदळवतात. अशा धडकेत गाडीचा पुढचा भाग चुरगळायलाच हवा, कारण चुरगळताना तो धक्का खातो. पण माणसं बसतात तो पिंजरा चुरगळता कामा नये. म्हणजे एकाच गाडीत, हातभर अंतरावर, दोन उलट मागण्या. पुढे घडी पडत जाणारं चिवट पोलाद लागतं आणि दारामधल्या खांबाला न वाकणारं.

त्या खांबासाठी बोरॉनयुक्त पोलादाचा पत्रा ९०० अंशांच्या वर तापवतात आणि आतून पाणी खेळवलेल्या साच्यात दाबतात. आकार मिळतो आणि काही सेकंदांत 'पाणी'ही पाजलं जातं. एक चौरस मिलिमीटर जाडीची तार कल्पा. साधं मऊ पोलाद साधारण ४० किलोला तुटतं, हे पोलाद जवळजवळ १५० किलो पेलतं. मग हे आमच्या पिनसारखं ठिसूळ का होत नाही? कारण यात कार्बन मुद्दाम कमी ठेवलेला असतो, साधारण ०.२ टक्के. एक्सलच्या पोलादात तो याच्या दुपटीच्या आसपास असू शकतो. पाणी तेच, पण कोणत्या पोलादाला पाजतोय ते आधी माहीत असतं. भंगारातल्या तुकड्याबद्दल आपल्याला तेवढंच माहीत नसतं.

आणि ठिसूळपणा दर वेळी वाईटच असतो असंही नाही. ब्रेकचा ड्रम बिडाचा असतो. बीड ताणलं तर फार न वाकता फुटतं. पण ते उष्णता छान पचवतं, थरथर शोषून घेतं, त्यातलं ग्राफाइट झीज कमी करतं आणि ओतायला स्वस्त पडतं. ड्रमला हवं ते सगळं त्यात आहे. त्याच बिडाची हुकाची पिन करा, पहिल्या गचक्याला संपली.

हलकं करायचं तर कुठं?

दुसरा नेहमीचा प्रश्न: ॲल्युमिनियम हलकं आहे, मग सगळी गाडी त्याचीच का नाही? ॲल्युमिनियमचं वजन पोलादाच्या साधारण एक तृतीयांश, पण ताठपणाही एक तृतीयांशच. सरळ ओढल्या जाणाऱ्या दांड्याला तेवढाच ताठपणा हवा तर तो तिप्पट जाड घ्यावा लागेल. वजन जिथल्या तिथं, फायदा शून्य.

बॉनेटचं मात्र तसं नाही. तो पत्रा वाकतो, आणि वाकण्याविरुद्धचा ताठपणा जाडीच्या घनानं वाढतो. जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट. म्हणून ०.७ मिलिमीटरच्या पोलादी पत्र्याऐवजी ॲल्युमिनियमचा सुमारे १ मिलिमीटरचा पत्रा पुरतो, आणि वजन जवळपास निम्मं होतं. त्यामुळे ॲल्युमिनियम आधी दिसतं ते बॉनेटवर.

पण ते महाग, आणि गावातल्या साध्या वेल्डिंग मशीनवर नीट जोडता येत नाही. दुरुस्ती कुठं आणि कोण करणार, हाही निवडीचाच भाग आहे. आपल्या वर्ध्याच्या जमनालाल बजाजांच्या घराण्यातून उभ्या राहिलेल्या बजाज ऑटोची चेतक आठवा, १९७२ ची. तिला वेगळा सांगाडा नव्हता, दाबून घडवलेला पोलादी पत्रा हाच सांगाडा. पोचा आला तर कुठलाही डेंटर हातोडीनं काढून द्यायचा. पण रंग उडाला की गंज धरायचा आणि वजनही जास्त. प्लॅस्टिकचा पॅनेल गंजत नाही, हलका असतो, पण फुटला की बदलायचाच. कोणता चांगला? गाडी कोण, कुठं आणि किती वर्षं वापरणार यावर ते आहे.

निवडण्याआधीचे प्रश्न

म्हणून कोणताही भाग असो, मी आता हे प्रश्न या क्रमानं विचारते. ओझं कसं येणार: सावकाश, गचक्यानं, की लाखो वेळा थोडं थोडं? (तार मागे-पुढे वाकवून आपण तोडतो, ते तिसऱ्या प्रकारचं.) तुटलाच तर कसा तुटावा: आधी वाकून इशारा देत, की अचानक? आजूबाजूला काय आहे: मे महिन्यातलं पंचेचाळीसच्या वरचं ऊन, पावसाळ्यातला काळ्या मातीचा चिखल, खत? आणि शेवटी, तो बनवणार कसा, दुरुस्त कोण करणार, खर्च किती? मटेरियलचं नाव या सगळ्यानंतर येतं. मी उलटं केलं होतं. तुकडा आधी, प्रश्न नंतर, आणि तोही एकच.

तुमच्याकडे काही तुटलं तर फेकण्याआधी त्याचं तोंड नीट बघा. तुटलेल्या जागी तो भाग वाकून किंवा ताणून बारीक झालेला असेल, तर ओझं जास्त झालं. चमचमते दाणे आणि वाक अजिबात नाही, तर ठिसूळपणा. अर्धा भाग गुळगुळीत, त्यावर लाटांसारख्या रेषा आणि उरलेला खडबडीत, तर तडा बऱ्याच दिवसांपासून हळूहळू वाढत होती.

मामाजींनी मग ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानातून तयार पिन आणली. ती चार-पाच किलो कापसाच्या भावात येते. सोबत ट्रॉलीला एक साखळीही लावली, म्हणजे पिन गेली तरी ट्रॉली सुटणार नाही. भावाचं प्लास्टर निघालंय. तो मला अजून "इंजिनीअर बाई" म्हणतो, आणि मी हसते, पण दर वेळी थोडं आत काहीतरी होतं. तुटलेल्या पिनचा एक तुकडा माझ्या पुण्याच्या टेबलावर आहे.

पुढच्या भागात गंजाबद्दल बोलू: जस्ताचा मुलामा पोलादाला कसा वाचवतो, आणि ओरखडा पडल्यावरही का वाचवतो. तोवर तुमच्या तुटलेल्या वस्तूंचे फोटो पाठवा, आपण मिळून बघू.