लाकडी फरशी मोबाईलवर मागवण्याआधी

अमरावती-अकोल्याच्या नव्या घरांत हल्ली लाकडासारखी दिसणारी फरशी बसवण्याची हौस वाढली आहे. फोटो मोबाईलवर दिसतो, रंग डोळ्यांत भरतो आणि ऑर्डर जाते. शहाबादी किंवा कोटा घेताना आपण चार दुकाने फिरतो, दगडावर बोट फिरवून पाहतो. इथे मात्र फोटो पाहून हजारोंचा माल मागवतो. आपल्या घरांत जमिनीचा वापरही जास्त. दस्तरखान जमिनीवर, जानमाज जमिनीवर, मुलांची वह्या-पुस्तके जमिनीवर आणि ईदला पाहुणे वाढले की बिछानेही जमिनीवरच. म्हणून ही निवड निव्वळ शोभेची नाही, असे आम्हाला वाटते.

या फरशीला लॅमिनेट म्हणतात. तिची कल्पना 1977 साली स्वीडनच्या पर्स्टॉर्प कंपनीत निघाली. पुढे 'पर्गो' या नावाने ती जगभर गेली. लाकडाचा बारीक भुसा दाबून केलेला घट्ट पाट, त्यावर लाकडाचा फोटो छापलेला कागद आणि सर्वांत वर पारदर्शक कडक थर, अशी तिची रचना असते. मेळघाटच्या सागाची चौकट ज्यांच्या घरात आहे, त्यांनी तरी याला सागवान समजू नये. सागाचा तो फक्त फोटो आहे.

ऑनलाइन दुकानांत तर 'वुडन फ्लोअरिंग' या एकाच नावाखाली तीन-चार वेगळ्या वस्तू मिळतात. दीड-दोन मिलिमीटरचा, चिकटवायचा विनाइल पत्राही त्यात असतो आणि दगडाची भुकटी व प्लास्टिक मिसळून केलेली एसपीसी फरशीही. फोटोत सगळे सारखेच दिसतात. म्हणून नाव सोडून आधी जाडी आणि 'कोअर' कशाचा आहे ते वाचावे. 'एचडीएफ' लिहिले असेल तर ते लॅमिनेट.

आता खरी अडचण पाण्याची. आपल्याकडे जुमेरातला किंवा रमजानआधी बादल्या ओतून घर धुण्याची सवय आहे. लॅमिनेटला हे अजिबात चालत नाही. सांध्यांतून पाणी आत गेले की भुशाचा पाट फुगतो, कडा वर येतात आणि पुन्हा बसत नाहीत. मस्जिदीत एका ग्रामीण माणसाने लघवी केली तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याच्यावर न रागावता तिथे पाण्याचा डोल ओतायला सांगितले, ही हदीस आपण मुलांना शिकवतो. ती जमीन मातीची होती. लहान मूल असलेल्या घरात लॅमिनेटवर तसे डोलभर पाणी ओतता येणार नाही. ओल्या फडक्याने पुन्हापुन्हा पुसावे लागेल. सांध्यात मुरलेल्या नापाकीचे काय, हे ऑर्डर देण्याआधीच आपल्या मौलाना साहेबांना विचारलेले बरे. वुजू करून ओल्या पायांनी येणारे चार-पाच जण असतील तर दाराशी जाड पायपुसणे हवेच.

दुसरे पाणी कूलरचे. हे कंपन्यांच्या माहितीपत्रकात कधी लिहिलेले नसते, कारण ती माहितीपत्रके वऱ्हाडात लिहिली जात नाहीत. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, हवा कोरडी ठणठणीत असते. त्यात डेझर्ट कूलर रात्रभर ओली हवा सोडतो, खाली टाकी ठिबकते. जून-जुलैत पुन्हा दमटपणा. या फरशीच्या पट्ट्या अशा हवेत आकसतात आणि फुगतात. म्हणूनच भिंतीलगत चारी बाजूंनी आठ-दहा मिलिमीटर जागा मोकळी सोडून वर स्कर्टिंग लावतात. खारपाणपट्ट्यातल्या गावांत आणखी एक गोष्ट: बोअरच्या खारट पाण्याने पुसले की वाळल्यावर पांढुरका थर राहतो, आणि गडद रंगावर तो जास्त उठून दिसतो. काळ्या मातीवरच्या तळमजल्याला ओल असेल किंवा वाळवी, म्हणजे आपली उधई, लागत असेल तर तिथे लॅमिनेटचा विचारच सोडावा. एसपीसी पाहावी किंवा साधी टाइल.

मग घ्यावी कुठे? आमच्या घरी आम्ही हॉल आणि स्वयंपाकघर सोडून फक्त वरच्या मजल्यावरच्या अम्मींच्या खोलीचा विचार केला. थंडीत टाइल पायांना बोचते, फजरला सजद्यात गुडघे टेकताना त्यांना त्रास होतो. त्यामानाने ही फरशी उबदार लागते. मात्र चकचकीत पृष्ठभाग घसरडा असतो. म्हाताऱ्या माणसांसाठी मॅट किंवा रेघांचाच घ्यावा.

आकड्यांत 'एसी' हा महत्त्वाचा. तो घासाला किती टिकते ते सांगतो. झोपण्याच्या खोलीला एसी 3 पुरे, वर्दळीच्या खोलीला एसी 4. जाडी आठ मिलिमीटरपेक्षा कमी नको. वास आणि फॉर्मल्डिहाइडसाठी 'ई 1' लिहिलेले पाहावे. हिशेब असा: 12 बाय 14 ची खोली म्हणजे 168 चौरस फूट. कापाकापीचे दहा टक्के धरले की सुमारे 185. एका खोक्यात 18 चौरस फूट माल असेल तर 11 खोकी लागतील. त्यांचे वजन सव्वाशे किलोच्या आसपास भरते. ते जिना चढवून कोण देणार, 'डिलिव्हरी' गेटपर्यंत की वरपर्यंत, हे आधी विचारावे. दाखवलेल्या दरात खालचा फोम, स्कर्टिंग, दाराची पट्टी, मजुरी आणि जीएसटी आहे का, तेही. हप्त्याने घ्यायचे असेल तर 'नो कॉस्ट' शब्दामागे व्याज किंवा प्रक्रिया शुल्क लपलेले नाही ना, याची खात्री करावी.

नमुन्याचा तुकडा मागवल्याशिवाय ऑर्डर देऊ नये, यावर आम्ही ठाम आहोत. तो दिवसाच्या उजेडात आणि रात्री दिव्याखाली पाहावा, मग एक दिवस पाण्यात बुडवून कडा किती फुगते ते मोजावे. हनफी फिकहमध्ये न पाहता घेतलेली वस्तू पाहिल्यावर नाकारण्याचा हक्क आहे. त्याला खियार-ए-रूयत म्हणतात. धान्याच्या राशीचा नमुना पाहिला तर रास पाहिल्यासारखे धरतात, पण माल नमुन्यापेक्षा हलका निघाला तर हक्क कायम राहतो. देशाचा कायदा इतका उदार नाही. मन बदलले म्हणून माल परत घ्यायला तो विक्रेत्याला भाग पाडत नाही. परंतु 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे माल सदोष किंवा जाहिरातीपेक्षा वेगळा निघाला तर परत घेणे नाकारता येत नाही. तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिनाभरात व्हायला हवे. नाही झाले तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि 2019 च्या कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात दाद मागता येते. यासाठी खोकी उघडतानाचा व्हिडिओ ठेवावा, सगळ्या खोक्यांचा बॅच क्रमांक एकच आहे का पाहावे आणि खात्री होईपर्यंत एकही पट्टी कापू देऊ नये. कापलेला माल कोणी परत घेत नाही.

माल आल्यावर खोकी दोन दिवस त्याच खोलीत आडवी ठेवावीत, म्हणजे पट्ट्यांना हवेची सवय होते. बसवणारा कारागीर मात्र ऑर्डरच्या आधीच ठरवावा. सगळ्याच सुतारांना हे काम येत नाही. जमीन दहा मिलिमीटर वर येते, त्यामुळे दार खालून तासावे लागते. पट्ट्या कोणत्या दिशेने टाकायच्या हेही तो विचारेल. सहसा खिडकीच्या उजेडाच्या दिशेने टाकतात. अम्मींनी मात्र उत्तर-दक्षिण सांगितले. किबला आपल्याकडे जवळपास पश्चिमेला, त्यामुळे पट्टीची रेघ सरळ सफसारखी येते आणि नातवंडे नमाजला उभी राहिली की रांग वाकडी होत नाही.